‘पळून गेला’ हे कुणाचं वाक्य?

एका दिवाळी अंकासाठी मी फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनातला उतारा मराठीत करून दिला होता. उतारा छोटा, दीडेक पानाचा. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या एका मोठ्या शेतावर गुलामीत वाढलेला मुलगा थंडीत कसा झोपायचा, एवढंच त्यात आहे. गुडघ्यापर्यंत पोचणारा जाड्याभरड्या कापडाचा सदरा, बाकी अंगावर काही नाही. अंथरूण नाही. फार कडाक्याच्या रात्री गिरणीत मका न्यायचं पोतं चोरायचं, डोकं आत आणि पाय बाहेर अशा बेतानं त्यात शिरायचं आणि गार, ओल्या मातीवर पडून राहायचं. मग हे वाक्य येतं: ‘थंडीनं माझे पाय इतके उललेले असायचे, की मी आत्ता ज्या लेखणीनं हे लिहितो आहे ती त्या भेगांत मावली असती.’

प्रूफ हातात आलं तेव्हा त्या जागी दुसरंच वाक्य होतं. ‘कोवळे पाय रक्तबंबाळ झाले होते, आणि त्या आठवणीनं आजही काळजाचं पाणी पाणी होतं!’ समासात पेन्सिलनं लिहिलं होतं: मूळ वाक्य कोरडं वाटतं, वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं.

हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण त्या दुरुस्तीत लेखणी गेली, आणि लेखणीबरोबर सगळंच गेलं. त्या एका वाक्यात दोन काळ शेजारी ठेवलेले आहेत. पोत्याबाहेर पाय काढून निजलेलं मूल आणि टेबलाशी बसून लिहिणारा सत्ताविशीचा पुरुष. ज्या मुलाला अक्षर शिकवायचं नाही असं मालकानं आपल्या बायकोला बजावलं होतं, त्याच्याच हातात आज लेखणी आहे, आणि तो तिचाच मोजपट्टीसारखा वापर करून भेग किती खोल होती ते सांगतो आहे. रक्ताचा उल्लेख त्यानं केलेला नाही. उललेले पाय आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. माझी आजी थंडीत कोकमतेलाचा गोळा दिव्यावर धरून थेंब थेंब टाचेच्या भेगांत सोडायची, तेव्हा तिच्या तोंडातून निघणारा सुस्कारा मला अजून ऐकू येतो. वाचकाला तेवढं पुरतं. त्याच्या काळजाचं काय करायचं ते त्याचं तो बघेल.

हा प्रश्न एका प्रुफापुरता असता तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. गुलामीतून स्वतःला सोडवून घेतलेल्या माणसांची कथनं आता मराठीत येऊ लागली आहेत, वर्गात शिकवली जातात, अभिवाचनाला घेतली जातात. आणि जवळपास प्रत्येक वेळी या माणसांनी कोणत्या स्वरात बोलावं ते आपण आधीच ठरवून बसलेले असतो. त्यांनी रडावं, नाहीतर पेटून उठावं. संयत, मोजूनमापून, युक्तिवाद करत बोलले की आपल्याला चुकल्यासारखं होतं. माझं म्हणणं असं की तो संयत स्वर हीच त्यांची सर्वांत कष्टानं मिळवलेली मालमत्ता आहे आणि ती हिरावून घ्यायचा अधिकार अनुवादकाला, संपादकाला किंवा वाचकाला नाही.

डग्लस यांचं १८४५चं पहिलं आत्मकथन उघडावं. सुरुवात गावाच्या नावानं होते: टकाहो, हिल्सबरोजवळ, ईस्टनपासून सुमारे बारा मैलांवर. लगेच पुढे ते सांगतात की स्वतःचं वय त्यांना नक्की माहीत नाही. घोड्यांना जेवढं आपलं वय ठाऊक असतं तेवढंच बहुतेक गुलामांना त्यांचं असतं. आईला ते आयुष्यात चार-पाच वेळाच भेटले, तेही रात्री. ती बारा मैलांवर दुसऱ्याकडे कामाला होती. दिवसभर शेतात राबून ती पायी यायची, मुलाजवळ पडायची आणि तो जागा होण्याआधी निघून जायची, कारण सूर्योदयाला शेतावर नसलं तर फटके होते. ती वारल्याची बातमी कळल्यावर काय वाटलं? ते लिहितात, एखाद्या परक्या माणसाच्या मरणानं जे वाटलं असतं बहुधा तेच. हे वाक्य वर्गात वाचून दाखवलं की मुलं गप्प होतात, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘सर, इतकं कसं कोरडं लिहिलं?’ त्या कोरडेपणाचीच तर फिर्याद आहे. मुलाच्या मनातून आईसुद्धा काढून घेतली गेली, एवढं या व्यवस्थेनं केलं. तिथे अनुवादकानं एक ‘हाय’ घातली की फिर्यादच मागे घेतली जाते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. तो असा: हा सभ्य, घोटीव स्वर या लोकांचा नव्हताच, गुलामगिरीविरोधी गोऱ्या मंडळींनी आपल्या वाचकांना रुचेल असा तो घडवून घेतला. आक्षेपाला आधार आहे. डग्लस यांच्या पुस्तकाला विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचं पत्र आहे. काळ्या माणसाच्या शब्दाला गोऱ्या माणसांची जामीनकी लागत होती. गुलामीतूनच निसटलेल्या हॅरिएट जेकब्ज यांचं १८६१चं आत्मकथन लिडिया मरिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेनं संपादित केलं, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनवरचं शेवटचं प्रकरण काढायला लावलं. हे सगळं खरं आहे.

पण दबाव कोणत्या दिशेनं होता ते नीट पाहिलं पाहिजे. १८४१ साली नँटकेटच्या सभेत डग्लस पहिल्यांदा बोलले आणि मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेनं त्यांना वक्ता म्हणून घेतलं. पुढचं त्यांनीच १८५५च्या दुसऱ्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. सहकारी त्यांना सांगत, तुम्ही हकीगत सांगा, तत्त्वज्ञानाचं आम्ही बघतो. मळ्यावरच्या बोलण्याची थोडी झाक राहू द्या, फार शिकलेले वाटू नका, लोकांचा विश्वास बसणार नाही. म्हणजे हितचिंतकांना अडाणी बोली हवी होती. डग्लस यांना मात्र अन्याय नुसता सांगायचा नव्हता, त्याचा धिक्कार करायचा होता. आणि लोकांना खरोखरच शंका येऊ लागली, हा माणूस गुलाम होता असं वाटत नाही म्हणून. त्या शंकेला उत्तर म्हणून त्यांनी पुस्तकात मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावं लिहिली. कायद्यानं ते अजून दुसऱ्याची मालमत्ता होते. पुस्तक निघालं त्याच वर्षी त्यांना आयर्लंड-इंग्लंडला जावं लागलं, कारण नावगाव छापल्यावर पकडून नेलं जाण्याचा धोका होता. तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून १८४६ साली त्यांची कायदेशीर मुक्तता विकत घेतली. तो नेमका, थंड, पत्त्यानिशी बोलणारा स्वर असा जिवावर उदार होऊन घेतलेला आहे. कुणी शिकवलेला नाही.

त्या स्वरात विचार कसा चालतो याचा एक नमुना मला फार आवडतो. बाल्टिमोरच्या गोदीत डग्लस जहाजाच्या फटी बुजवण्याचं काम करत. दिवसाला दीड डॉलरपर्यंत मिळायचा आणि आठवड्याची पै न् पै ह्यू ऑल्ड या मालकाच्या हातावर ठेवावी लागायची. सहा डॉलर आणून दिले की कधीकधी खूश होऊन तो त्यातले सहा सेंट परत द्यायचा. उत्तेजन म्हणून. डग्लस लिहितात, परिणाम उलटा झाला. त्यानं थोडे दिले याचाच अर्थ सगळेच माझे आहेत हे तो मनात कबूल करतो, असं मला वाटलं. शिव्या नाहीत, उद्गारचिन्ह नाही. मालकानं पुढे केलेली सहा नाणी त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली आहेत. हे वाक्य कुठल्याही प्रस्तावनाकाराला सुचलं नसतं. ते सुचायला दर शनिवारी पैसे मोजून द्यावे लागतात.

जेकब्ज यांच्या बाबतीत तर सुघड भाषेची किंमत शंभर वर्षांहून जास्त मोजावी लागली. स्वतःचं आणि इतरांचं नाव झाकण्यासाठी त्यांनी लिंडा ब्रेंट हे टोपणनाव घेतलं. त्यांचं लेखन इतकं बांधीव, कादंबरीसारखं वाटलं, की विसाव्या शतकातही नाणावलेल्या अभ्यासकांनी ते अविश्वसनीय ठरवून बाजूला ठेवलं. १९८०च्या दशकात जीन फेगन येलिन या अभ्यासिकेनं जेकब्ज यांची पत्रं आणि त्यांच्या एडेंटन या गावचे कागद ताडून पाहिले, तेव्हा ते अक्षरशः खरं असल्याचं सिद्ध झालं. गंमत नव्हे, दुःख असं की त्यांच्या बोलण्याची साक्ष मालकानंच कधीची छापून ठेवली होती. जून १८३५च्या जाहिरातीत डॉ. जेम्स नॉरकॉम शंभर डॉलरचं बक्षीस लावतो आणि ओळखीची खूण म्हणून सांगतो की ही सहज आणि अस्खलित बोलते. त्याच जाहिरातीत आहे, ती ‘कोणतंही ज्ञात कारण किंवा चिथावणी नसताना’ निघून गेली. वर्षानुवर्षं ज्या मुलीच्या मागे तो लागला होता तिच्याबद्दल तो हे लिहितो. भाषा कुणाची घोटीव आणि कुणाची खोटी, हे त्या दोन ओळींवरून ठरवता येतं.

हे वाचताना मला आपल्याकडचं १८५५ साल आठवतं, डग्लस यांच्या दुसऱ्या पुस्तकाचंच साल. त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांची दुःखं तिनं सांगितली आहेतच. पण ती तिथे थांबत नाही, युक्तिवाद करते. वेद पाहायचाही अधिकार आम्हांला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते. हकीगत तुझी आणि तत्त्वज्ञान आमचं, ही वाटणी तिनंही मानली नाही. आणि तरीही पुढे दलित आत्मकथनं आली तेव्हा आपल्या साहित्यव्यवहारानं ती बहुधा ‘अनुभव’ म्हणूनच वाचली. बोली अस्सल आहे का, दाहकता किती, याचीच चर्चा झाली. त्यातला विचार, मांडणी, शब्द निवडण्यातला डोळसपणा यांवर किती लिहिलं गेलं? प्रमाणभाषेत शांतपणे लिहिलं की ‘धग कमी पडली’ असं आपण म्हणतो. धग मोजायचं यंत्र आपल्याच हातात कुणी दिलं?

आता शब्दाकडे येतो. या कथनांत जी गोष्ट मध्यभागी आहे, तिला मराठीत काय म्हणायचं? बहुतेक अनुवादांत ‘पळून जाणे’ असतं. मराठीत पळून कोण जातं? लढाईतून भित्रा पळतो, त्याला आपण पळपुटा म्हणतो. चोर पळतो. मुलगी ‘पळून गेली’ म्हटलं की अर्धा गाव कुजबुजतो. गोठ्यातलं जनावर दावं तोडून पळतं. या सगळ्या वाक्यांत बोलणारा मागे राहिलेला असतो, आणि त्याचं काहीतरी गेलेलं असतं. ‘पळून गेला’ हे मूळचंच मालकाचं वाक्य आहे. बक्षिसाच्या जाहिरातीतलं वाक्य आहे.

‘फरारी’ त्याहून पुढचं, पोलीस ठाण्यातलं. पण १८५०च्या कायद्याला ‘फरारी गुलाम कायदा’ म्हणणंच योग्य, कारण तो कायदा त्याच नजरेनं पाहत होता. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत तर ‘गुलाम’ हा शब्दच टाळला आहे. ‘सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती’ असं म्हटलं आहे आणि ती दुसऱ्या राज्यात निसटली तर हक्कदाराला परत करावी असं कलम आहे. गोड शब्दांत बेडी घातली आहे. म्हणून मी स्वतःपुरता एक दंडक पाळतो: मालकाच्या, कायद्याच्या, जाहिरातीच्या तोंडी असेल तिथे ‘पळाला’, ‘फरार झाला’ जसंच्या तसं ठेवायचं, अजिबात सौम्य करायचं नाही. निघालेल्या माणसाच्या तोंडी मात्र ते घालायचं नाही. तिथे ‘सुटला’, ‘निसटला’, ‘निघाला’, ‘स्वतःला सोडवून घेतलं’, प्रसंगाला लागेल ते. ‘सुटका झाली’ हेही मला खटकतं. मराठीत सुटका बहुधा दुसरा कुणीतरी करतो.

याचा अर्थ सरसकट शब्दबदल करा असं मी म्हणत नाही. ‘गुलाम’ न म्हणता ‘गुलाम केला गेलेला माणूस’ म्हणावं, असा आग्रह आता धरला जातो. त्यामागचा विचार मला मान्य आहे: गुलामी हा माणसाचा गुण नव्हे, त्याच्यावर केलेलं कृत्य आहे. पण डग्लस यांचं ते प्रसिद्ध वाक्य घ्या. ‘माणसाला गुलाम कसं केलं गेलं ते तुम्ही पाहिलंत, आता गुलामाचा माणूस कसा झाला ते पाहाल.’ इथे ‘गुलाम’ हा उघडा, बोचरा शब्दच हवा. तो पांघरुणात गुंडाळला की वाक्य लुळं पडतं. स्वतः डग्लसही ‘पळणे’ हा शब्द वापरतात, विशेषतः आधीच्या फसलेल्या बेताबद्दल. त्यांनी जिथे वापरला तिथे आपणही वापरावा. त्यांच्या जागा त्यांच्या, एवढंच.

आपल्या भाषेला हे ओझं नवीन नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री नोंदलेली आहे, किंमत लावून, जनावरांच्या नोंदी असाव्यात तशी. आज ‘बटीक’ हा शब्द आपण कुणालाही हिणवायला वापरतो, आणि तो कधीकाळी विकल्या गेलेल्या बाईचं नाव होता हे विसरतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तिकडच्या बेडीला आणि इकडच्या बेडीला एकच शब्द लावायचा, हा निर्णय त्यांनी जाणून घेतला होता. शब्दाची निवड म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘मालक’ या शब्दानं तर मला पुरतं अडवलं. मराठीत ‘आमचे मालक’ म्हणजे नवराही. ‘धनी’ म्हटलं तरी तेच. आणि जेकब्ज यांचं सगळं दुःख असं की ज्याच्या ताब्यात त्या होत्या त्याला त्यांच्या देहावरही मालकी हवी होती. त्यात आणखी एक अडचण, जी इंग्रजीत येतच नाही: डॉ. फ्लिंट ‘आला’ की ‘आले’? (नॉरकॉमला पुस्तकात त्यांनी हे नाव दिलं आहे; फ्लिंट म्हणजे गारगोटी.) मराठीत क्रियापद लिहिताक्षणीच निवाडा द्यावा लागतो. रागानं ‘आला’ लिहावंसं वाटतं. मीही पहिल्या खर्ड्यात तेच लिहिलं होतं. मग माळ्यावरचा प्रसंग आला. आजीच्या घराला लागून असलेल्या खोपीवर नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी तीन फूट अशी ती जागा. उभं राहता येत नाही. उजेड नाही, हवा नाही. तिथे त्या जवळजवळ सात वर्षं लपून होत्या. अंधारात चाचपडताना भिंतीत अडकलेलं एक गिरमिट त्यांना सापडलं. त्यानं ओळीनं भोकं पाडून, मधलं लाकूड काढून त्यांनी इंचभर लांब, इंचभर रुंद झरोका केला आणि आपली मुलं दिसतील म्हणून वाट पाहत बसल्या. रस्त्यावर पहिला माणूस दिसला तो डॉ. फ्लिंट.

तिथेही त्या ‘डॉक्टर’ ही पदवी काढत नाहीत. गावानं त्याला दिलेला सगळा मान त्या शाबूत ठेवतात आणि त्याच्याखाली तो काय होता ते लिहून काढतात. म्हणून मी सगळीकडे ‘डॉ. फ्लिंट आले’ केलं. वाचताना अंगावर काटा येतो. यावा. आणि ओघानं आलं म्हणून सांगतो: त्या दिवाळी अंकाच्या टिपणात ‘गॅरिसन म्हणतात’ आणि ‘डग्लस सांगतो’ असं छापायला घेतलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. हात तसाच वळला होता, आणि म्हणूनच ते धरून दुरुस्त करावं लागतं.

स्वरात मौनही येतं. १८४५च्या पुस्तकात डग्लस सगळं सांगतात, फक्त ते कसे निसटले ते सांगत नाहीत. वाचक निराश होईल हे त्यांना माहीत होतं. पण मागे राहिलेल्यांची वाट बंद होऊ नये, आणि मालकाला अंधारातच चाचपडू द्यावं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. हेन्री ब्राउन १८४९ साली स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पोचले आणि त्याचा गाजावाजा झाला. डग्लस यांनी नंतर लिहिलं, तो झाला नसता तर दरवर्षी असे हजार ब्राउन पोचले असते. स्वतःची हकीगत त्यांनी १८८१च्या आत्मचरित्रात सविस्तर दिली: एका स्वतंत्र काळ्या खलाशाचे उसने घेतलेले कागद, लाल सदरा, खलाशाची टोपी, बाल्टिमोरची रेल्वे, आणि कागदावरच्या गरुडाच्या चित्राकडे ओझरतं पाहून पुढे गेलेला तिकीट तपासनीस. कागदातलं वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हतं. केवढं थरारक प्रकरण! ते हातात असताना छत्तीस वर्षं ज्यानं पुस्तकात घातलं नाही, त्याला थरार कसा वाढवावा हे आपण शिकवायला जातो.

प्रूफ मी परत पाठवलं. लेखणी जागेवर ठेवली, ‘सांगतो’चं ‘सांगतात’ केलं, उद्गारचिन्हं काढली. संपादकांशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्यांनी एकच विचारलं: उताऱ्याच्या शेवटी चार ओळींची टीप हवी, ते पुढे पळाले कसे ते तरी लिहू ना? मी म्हटलं, त्यांचंच वाक्य घालू. त्या दिवसाबद्दलच्या त्या वाक्यात डग्लस ना पळाल्याचं म्हणतात, ना सुटल्याचं. टिपेत मग एवढंच छापलं: ‘३ सप्टेंबर १८३८ रोजी मी माझ्या बेड्या मागे ठेवल्या आणि कसलाही अडथळा न येता न्यूयॉर्कला पोचलो.’